नॅशनल फ्युएल पास (श्रीलंका, 2022): चार महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग 5 पैकी 4. (हा पास म्हणजे प्रत्येक गाडीला आठवड्याला ठरावीकच इंधन देणारा सरकारी क्यूआर कोड; खालचे भाव आणि नियम सगळे नोव्हेंबर 2022 पर्यंतचे.) एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच, पण आधी हे सांगते की 2022 साली कोलंबोत राहून ज्या काही सरकारी सोयी वापरल्या त्यात ही एकच अशी निघाली की जिच्यामुळे घराची विस्कटलेली घडी परत बसली. ज्यांनी त्या जूनमध्ये इथे गाडी चालवलीये त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगावं लागेल, कारण नुसतं "हो छान आहे, पटकन स्कॅन होतो" एवढं लिहून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाहीये.

आम्ही वेल्लवत्तेला राहतो, कोलंबो 6. नवरा बांधकाम कंपनीत, मी एका गारमेंट एक्स्पोर्टवाल्यांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, मुलगी चौथीत. गाडी म्हणजे जपानवरून आलेली सेकंडहँड वॅगन आर, इथे रस्त्यावर जिकडे तिकडे तीच दिसते. पेट्रोल पंपाला इथे सगळे शेड म्हणतात म्हणून मी पण खाली शेडच लिहिणार आहे, सवय झालीये.

तर भाव आधी बघा. 2022 च्या सुरुवातीला 92 ऑक्टेन (म्हणजे साधं) पेट्रोल 177 रुपये लिटर होतं, मार्चमध्ये 254 झालं, एप्रिलमध्ये 338, मेमध्ये 420 आणि 26 जूनला 470. हे श्रीलंकन रुपये. नाशिकचे आमचे नातेवाईक फोनवर हिशोब करायचे की 470 म्हणजे आपले शंभर-एकशे तीन, अगं मग मुंबईत तर 111 चाललंय, तुमच्याकडे स्वस्तच की! पण असं रूपांतर करून काही कळत नाही हो. इथल्या माणसाचा पगार श्रीलंकन रुपयात, तो जानेवारीत जेवढा होता तेवढाच जूनमध्ये, आणि पेट्रोल सहा महिन्यांत अडीचपटीच्या वर गेलं. बरं ते सुद्धा परवडलं असतं, लोक म्हणायचे महाग तर महाग पण द्या तरी. मिळतच नव्हतं. देशाकडे डॉलरच उरले नव्हते, एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि मे महिन्यात ऊर्जामंत्री कांचना विजेसेकरांनी संसदेत सांगितलं की पेट्रोलचं एक जहाज 28 मार्चपासून समुद्रात उभं आहे पण त्याला द्यायला पैसे नाहीत. विचार करा, माल दारात उभा आहे आणि शहरातल्या शेडवर दोरी बांधून पाटी लावलीये, पेट्रोल नाही.

भारताने फेब्रुवारीत इंधनासाठी 50 कोटी डॉलरची क्रेडिट लाइन (म्हणजे उधारीची सोय) दिली होती, नंतर त्यात भर पण घातली, त्यावर एप्रिल-मे कसेबसे निघाले. जूनमध्ये ते पण संपत आलं आणि मग 27 तारखेला जाहीर झालं की 10 जुलैपर्यंत फक्त अत्यावश्यक सेवांनाच इंधन, म्हणजे हॉस्पिटल, बस, बंदर, शेतमाल वगैरे. खासगी गाड्यांनी घरी बसायचं. कोलंबोतल्या शाळा त्याच्या आधीच बंद झाल्या होत्या, ऑफिस घरून सुरू, गॅस सिलिंडर पण नाही, लाइट रोज काही तास जाणार. (मार्चअखेर तर एका दिवशी 13 तासांचं लोडशेडिंग जाहीर झालं होतं.)

रांगांबद्दल किती लिहू. गॉल रोडवरच्या शेडपासून निघालेली रांग गल्लीतून वळून खाली कोलंबोच्या मरीन ड्राइव्हवर यायची आणि तिथून समुद्राला समांतर लांबच लांब, एका बाजूला रेल्वेचे रूळ आणि एका बाजूला दारं उघडी टाकून झोपलेले लोक. गाडीत झोपायचं, सकाळी ढकलत ढकलत पुढे न्यायची कारण इंजिन चालू करायला पण पेट्रोल लागतं. नवरा रात्री बसायचा, सकाळी मी डबा घेऊन जायचे आणि आम्ही पाळी बदलायचो, मुलीला शेजारच्या आंटींकडे ठेवायचं. मार्चमध्येच रांगेत उभं राहून म्हातारी माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या, नंतर ते आकडे वाढतच गेले. रांगेतली बरीचशी माणसं रोजंदारीवाली, म्हणजे रांगेत गेलेला दिवस हा कमाई बुडालेला दिवस, आणि दोन दिवस उभं राहून मिळालेलं पेट्रोल दोन-तीन दिवसांत संपणार की परत रांग. चमिका करुणारत्ने, म्हणजे तेव्हा श्रीलंकेच्या नॅशनल टीममधला क्रिकेटर, त्याने पण कॅमेऱ्यासमोर हेच सांगितलं होतं की दोन दिवस थांबून दहा हजाराचं मिळालं आणि ते दोन-तीन दिवस पुरेल. आता क्रिकेटरची ही गत तर थ्रीव्हीलवाल्याचं (रिक्षावाल्याचं) काय सांगायचं.

आणि हे पण लिहायलाच पाहिजे की माणसं फार चांगली वागली. रोशन महानामा आठवतोय ना, 1997 साली याच कोलंबोत प्रेमदासा स्टेडियमवर जयसूर्याबरोबर आपल्याला दोन दिवस पिदवणारा, 576 ची पार्टनरशिप, तो जूनमध्ये विजेरामा मावतेच्या आणि वॉर्ड प्लेसच्या रांगांमध्ये फिरून लोकांना चहा आणि बन वाटत होता. आमच्या मरीन ड्राइव्हच्या रांगेत पण समोरच्या फ्लॅटमधले लोक पाणी आणून द्यायचे, बायकांना वॉशरूम वापरू द्यायचे. एकटी बाई गाडीत आहे बघून मागचा पुढचा माणूस आपणहून म्हणायचा, अक्का तुम्ही जाऊन या, गाडी मी बघतो.

आता मूळ विषय. 16 जुलैला हा फ्युएल पास आला. बाकीच्या तीन पद्धती का फसल्या आणि ही का चालली हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण ते समजलं तरच याला 4 स्टार का ते पटेल.

पहिली पद्धत एप्रिलमधली. एका वेळी मोटारसायकलला 1000 रुपयांचं, थ्रीव्हीलला 1500 चं आणि कारला 5000 चं, त्याच्यावर द्यायचं नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण अडवणार कोण? ज्याच्याकडे वेळ आहे तो एका शेडवर 5000 चं घेणार आणि तिथून सरळ दुसऱ्या शेडच्या रांगेत, घरी टाकी उपसून कॅनमध्ये काढून ठेवणार आणि परत येणार. म्हणजे खरी गरज असलेला आणि साठा करणारा दोघे एकाच रांगेत, आणि साठेवाल्यामुळे रांग दुप्पट. दुसरी पद्धत टोकनची, जूनच्या शेवटी सैनिक येऊन रांगेतल्या लोकांना नंबर लिहिलेले टोकन देऊन गेले की घरी जा, आम्ही बोलावू. पण बोलवायला पेट्रोलच नव्हतं, म्हणून लोक टोकन खिशात ठेवून गाड्या तिथेच सोडून गेले, दिवसच्या दिवस नुसत्या गाड्या उभ्या. तिसरी पद्धत नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याची. 0, 1, 2 वाल्यांना मंगळवार शनिवार, 3, 4, 5 ला गुरुवार रविवार आणि बाकीच्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार. याने गर्दी वाटली गेली हे खरं, पण आपल्या वारी तुम्ही किती शेड फिरलात ते कोणालाच कळत नव्हतं.

क्यूआर पासमध्ये कोटा गाडीला बांधलेला होता. कुठल्याही शेडवर जा, सीपेटको (इथली सरकारी तेल कंपनी) असो की लंका आयओसी, सिस्टीम एकच, आठवड्याचं तुमचं जेवढं तेवढंच मिळायचं. सुरुवातीला मोटारसायकल 4 लिटर, थ्रीव्हील 5, कार आणि व्हॅन 20, बस 40, लॉरी 50. एका शेडवर 12 घेतलं तर उरलेलं 8 दुसरीकडे घ्यायचं, काही हरकत नव्हती, पण एकविसावा लिटर मिळायचा नाही. आपल्याकडचं रेशन कार्ड आठवा, माणशी ठरलेली साखर आणि रॉकेल, फक्त दुकान कुठलंही चालेल आणि दुकानदार वहीत खोटं लिहू शकणार नाही, तसं. एवढ्या एका गोष्टीने रांग मोडली. कारण रांग नुसती टंचाईमुळे नव्हती, भीतीमुळे पण होती, उद्या मिळेल का नाही माहीत नाही म्हणून अर्धी टाकी भरलेला माणूस पण आजच उभा राहायचा. त्याला एकदा कळलं की माझं 20 लिटर माझ्या नावावर लिहिलंय, दुसरा कोणी ते नेऊ शकत नाही, की तो घरी जाऊन झोपला.

रजिस्ट्रेशनचं सांगते. वेबसाइट सिंहला, तमिळ आणि इंग्रजी तिन्ही भाषांत होती. आयडी म्हणून लोकल लोकांना एनआयसी (इथलं राष्ट्रीय ओळखपत्र), आपल्यासारख्या परदेशी लोकांना पासपोर्ट नंबर चालायचा, आणि कंपनीच्या नावावर गाडी असेल तर कंपनीचा बिझनेस रजिस्ट्रेशन नंबर. एका आयडीवर एकच गाडी. हा नियम कडक वाटला तरी बरोबर होता, नाहीतर ज्याच्या घरी तीन गाड्या त्याला 60 लिटर आणि ज्याच्याकडे एक मोटारसायकल त्याला 4, असं झालं असतं. मग गाडीचा नंबर, चासी नंबर आणि रेव्हेन्यू लायसन्स (गाडीचा वार्षिक परवाना), मोबाईलवर ओटीपी, की झालं, क्यूआर कोडचं चित्र हातात. चासी नंबर गाडीच्या कागदावर असतो तो जसाच्या तसा टाकायचा, त्यात शून्य आणि ओ यांची गल्लत बरेच जण करायचे आणि मग वेबसाइटला शिव्या घालायचे. माझ्या ओळखीच्या एका भारतीय कुटुंबाला घरमालकाच्या नावावरची गाडी वापरायला होती, त्यांचं रजिस्ट्रेशन घरमालकाच्या एनआयसीवरच करावं लागलं, म्हणजे मालकाची स्वतःची दुसरी गाडी अडकली. असं कोणाचं असलं तर आधीच मोकळेपणाने बोलून घेतलेलं बरं असायचं, मग वाद नको.

स्मार्टफोनची सक्ती नव्हती हे मला सगळ्यात आवडलं. कोडचा प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्यायचा, बास. कॉपी-प्रिंटच्या प्रत्येक दुकानात जुलै-ऑगस्टमध्ये हेच काम चालू होतं. थ्रीव्हीलवाल्यांनी समोरच्या काचेला आतून चिकटवला, मोटारसायकलवाल्यांनी किल्लीच्या रिंगला लावला. माझ्या अनुभवाने प्रिंटच बरा, कारण दुपारच्या उन्हात फोनची स्क्रीन चमकते आणि शेडवरच्या माणसाला दोन-तीनदा फोन तिरका करून बघावं लागतं, त्याच्या स्वतःच्या फोनला पण बऱ्याचदा तडा गेलेला असतो. प्रिंट असला की कसं, मी काच खाली करते, कार्ड बाहेर धरते, तो पोरगा नोझल खांद्यावर टाकून एका हाताने फोन वर आणतो, टिंग वाजतं, त्याला माझ्या गाडीचा नंबर आणि शिल्लक दिसते, तो बोटांनी दाखवतो किती, मी सांगते पंधरा, तो आकडा टाकतो, आणि नोझल टाकीत जायच्या आत माझ्या फोनवर मेसेज आलेला असतो की एवढं घेतलं एवढं उरलं. सगळं मिळून दोन मिनिटं. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी गाडी शेडच्या बाहेर काढून कडेला लावली आणि नवऱ्याला फोन केला, म्हटलं अरे मिळालं पण, मी घरी पण निघाले.

1 ऑगस्टपासून शेवटच्या आकड्याची पद्धत बंद करून सगळीकडे फक्त क्यूआर केलं आणि तेव्हापासून मोठ्या रांगा हळूहळू संपल्याच. ऑगस्टच्या मध्यावर मरीन ड्राइव्ह परत मोकळा दिसायला लागला, संध्याकाळी लोक फिरायला यायला लागले, वडे विकणारे परत आले (इथे इस्सो वडे म्हणजे कोळंबी लावलेले वडे, आलात तर खाच). 31 ऑगस्टला गणपती बसले तेव्हा आम्ही आरतीला एकमेकांच्या घरी गाडीने गेलो, पेट्टाच्या बाजारातून फुलं, केळीची पानं आणली, दोन महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आशिया कप मात्र तोपर्यंत इथून यूएईला गेलेला होता, त्याची हळहळ सगळ्यांना वाटली, पण 11 सप्टेंबरला श्रीलंकेनेच तो जिंकला आणि रात्री गॉल रोडवर लोकांनी गाड्यांचे हॉर्न वाजवत जो जल्लोष केला ना, त्यातला निम्मा आनंद मला वाटतं गाडी बाहेर काढता येतेय याचाच होता.

आता कापलेला स्टार.

सगळ्यात मोठी तक्रार थ्रीव्हील आणि मोटारसायकलच्या कोट्याबद्दल. श्रीलंकेत दहा लाखांहून जास्त थ्रीव्हील नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या बजाज, म्हणजे आपल्या वाळूजला बनलेल्या. रस्त्यावर उभं राहिलं की औरंगाबादला आल्यासारखं वाटतं. या माणसांची ती रोजीरोटी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असतो तो थ्रीव्हीलवाला, त्याला आम्ही अय्या (म्हणजे दादा) म्हणतो, मुलीला शाळेत सोडायचं काम त्याचंच. तो सांगतो की धंदा धरून दिवसाला शंभर किलोमीटर सहज होतात. 5 लिटरमध्ये सव्वाशे-दीडशे किलोमीटर जेमतेम, म्हणजे आठवड्यातले दोन दिवसही नीट धंदा नाही. उरलेले दिवस त्याने काय करायचं? तो काळ्या बाजारातून घ्यायचा, जुलैत तिथे भाव कितीतरी पट होता, मग भाडं वाढवायचा, मग गिऱ्हाईक भांडायचं. माझ्या कारला 20 लिटर, जी मी ऑफिसला आणि भाजीला नेते, आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला 5, हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. टाकी कोणाची मोठी यावर कोटा ठरवला, गरज कोणाची मोठी यावर नाही. तसंच जेवण पोचवणाऱ्या पोरांचं, 4 लिटरमध्ये आठवडाभर डिलिव्हरी कशी होणार. नोव्हेंबर 2022 मध्ये पश्चिम प्रांतात नोंदणी केलेल्या थ्रीव्हीलना 10 लिटर केले, चांगलं पाऊल होतं, पण मोटारसायकलवाल्यांचं तेच राहिलं आणि कोलंबोच्या बाहेरच्या थ्रीव्हीलवाल्यांनी काय घोडं मारलं होतं?

दुसरं, न वापरलेला कोटा पुढच्या आठवड्यात जायचा नाही. म्हणून काय व्हायचं, गरज नसली तरी लोक आठवडा संपायच्या आत जाऊन 20 पूर्ण करून यायचे. टंचाईच्या काळात बचत करणाऱ्याला काहीतरी फायदा पाहिजे होता, निदान अर्धा तरी पुढे न्यायला द्यायचा. ज्याला महिन्यातून एकदा कँडीला किंवा जाफनाला म्हाताऱ्या आईबापांकडे जायचंय त्याला ते किती सोयीचं झालं असतं. कोलंबो ते जाफना साधारण चारशे किलोमीटर आहे, माझी वॅगन आर हायब्रिड म्हणून 20 लिटरमध्ये पोचते, जुन्या व्हॅनवाल्याने काय करायचं.

तिसरं, सिस्टीम कितीही चांगली असली तरी शेवटी शेडवरचा माणूस तीच सिस्टीम वापरतोय का यावर सगळं. सुरुवातीला एका शेडवर (नाव घेत नाही) मला सरळ सांगितलं गेलं की मशीन बंद आहे, उद्या या, आणि माझ्या डोळ्यांसमोर मागच्या बाजूने एका ओळखीच्या जीपमध्ये भरलं गेलं, स्कॅन बिन काही नाही. मी काच खाली करून विचारलं तर उत्तर द्यायलाच कोणी आलं नाही. असे प्रकार बऱ्याच ठिकाणी झाले असावेत, कारण मंत्र्यांनी नंतर जाहीरच केलं की क्यूआर न वापरता इंधन देणाऱ्या शेडचा पुरवठा थांबवणार. तेव्हापासून बराच फरक पडला. पण एक वेगळा तक्रार नंबर, जिथे फोटो पाठवला की कारवाई होते, असं काहीतरी पहिल्याच आठवड्यात पाहिजे होतं.

आणि एक गोष्ट जी पासची चूक नव्हती पण गैरसमज खूप होता म्हणून लिहिते. पास असला म्हणजे पेट्रोल असतंच असं नाही. पास वाटप नीट करतो, पेट्रोल आणत नाही. बाउझर (टँकर) आलाच नसला तर तुमचे 20 लिटर फोनवर दिसत राहायचे आणि शेडवरचा माणूस मान हलवून म्हणायचा "पेट्रोल नॅ". पेट्रोल येतं ते जहाजाचे डॉलर भरले की. जुलैच्या मध्यापासून जहाजं नियमित यायला लागली, भाव पण 450 वर आला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला 410 आणि 17 ऑक्टोबरला 370. जहाजं आली म्हणून पास यशस्वी झाला की पास होता म्हणून थोड्या जहाजांत भागलं, यावर इथे रोज वाद चालायचा. माझं स्पष्ट मत असं की दोन्ही लागतं, पण पास एप्रिलमध्ये आला असता तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये लोकांचे एवढे हाल झाले नसते. एप्रिलमध्ये पेट्रोल जूनपेक्षा जास्त होतं, फक्त ते ज्याला जमेल त्याने ओढून नेलं. एवढ्या साध्या कल्पनेला मार्च ते जुलै का लागावेत, ते चार महिने ज्या माणसांनी रस्त्यावर काढले त्यांना कोणीतरी याचं उत्तर द्यायला पाहिजे.

लंका आयओसीबद्दल पण विचारतात म्हणून दोन ओळी. आपल्या इंडियन ऑइलचीच कंपनी, इथे 2003 पासून आहे, दोनशेच्या वर शेड. जूनअखेर सीपेटकोने खासगी गाड्यांना देणं बंद केलं तेव्हा लोकांना मिळेल तर यांच्याकडेच मिळेल अशी परिस्थिती होती, त्यामुळे त्यांच्या शेडवर रांगा भयंकर. त्या काळात टॅक्सीवाले, भाजीवाले "तुमच्या इंडियाचं पेट्रोल आलं का" असं विचारायचे, आणि मला खरंच बरं वाटायचं की निदान आपल्याकडून काहीतरी येतंय. पास आल्यावर कुठलाही शेड सारखाच झाला, जिथे गर्दी कमी तिथे जायचं.

त्या काळात नव्याने इकडे कामाला येणाऱ्यांना मी एवढं सांगायचे. गाडी घ्यायच्या आधी तिचं रेव्हेन्यू लायसन्स चालू आहे का बघा आणि आधीच्या मालकाने त्या गाडीचं पासवरचं रजिस्ट्रेशन स्वतःच्या नावावर ठेवलं नाहीये ना ते विचारा, त्याने काढून टाकल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. क्यूआरचा फोटो ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्याने तो दाखवून तुमचा कोटा उचलला तर तुम्हाला मेसेज आल्यावरच कळणार. एक प्रिंट गाडीत, एक घरात. मोबाईल नंबर बदलणार असाल तर आधी पासवरचा बदलून घ्या. घर शक्यतो रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा. आम्ही वेल्लवत्ते स्टेशनजवळ आहोत म्हणून जुलैत नवरा लोकलने फोर्टला जाऊ शकला, दाराला लटकून का होईना, आणि ज्यांची घरं आत बत्तरमुल्ला, मालाबेकडे आहेत त्यांची नोकरीच धोक्यात आली होती. सायकल असेल तर आणा, इथे जूनमध्ये सायकलींचे भाव ऐकून चक्कर यायची. आणि सिलिंडर एक भरलेला एक वापरातला असे दोन ठेवा, 12.5 किलोवाले, कारण पेट्रोलशिवाय माणूस चालत जातो पण गॅस नसला तर लहान पोरांना खायला काय घालायचं हा प्रश्न सकाळी सहालाच येऊन उभा राहतो.

फिरायला येणाऱ्यांनाही तेव्हा सांगायचे, बिनधास्त या. टुरिस्टांसाठी वेगळा फ्युएल पास निघाला होता, पण बहुतेक लोक ड्रायव्हरसकट व्हॅन घेतात, त्यांनी बुकिंग करतानाच ड्रायव्हरला विचारा की आठवड्याच्या कोट्यात तुमची ट्रिप बसते का. नुवारा एलिया, एला, यालाचं नॅशनल पार्क असं सगळं एकाच आठवड्यात कोंबलंत तर तो बिचारा वरचं पेट्रोल कुठून आणणार, आणि आणलं तर कोणत्या भावाने आणणार ते तुमच्याच बिलात येणार. दिवस थोडे वाढवा, एलाचा टप्पा ट्रेनने करा, कँडी ते एला ट्रेन तशीही गाडीपेक्षा सुंदर आहे. आणि थ्रीव्हीलवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका, त्याच्या आठवड्याच्या लिटरांतला एक तुमच्यासाठी जाळतोय तो.